सरकीची ढेप आणि हिरवट बलक

धारेच्या वेळी गाईपुढे भिजवलेल्या सरकीच्या ढेपीचं घमेलं ठेवायचं, हे विदर्भात आणि खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही. ढेप खाल्लेल्या जनावराचं दूध दाट होतं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तीच ढेप कुटून परसातल्या कोंबड्यांना घातली, तर सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. कोंबड्या ती खातात, अंडी देतात आणि ताजं अंडं फोडलं तर आतला बलक नेहमीसारखा पिवळा निघतो.

गंमत पुढे आहे. हीच अंडी काही आठवडे साठवून ठेवली आणि मग फोडली, तर बलक शेवाळी किंवा तपकिरी निघू शकतो. कधी त्याच्याभोवतीचं पांढरं गुलाबी झालेलं असतं. अंडं सडलेलं नसतं, त्याला वासही येत नसतो. तरी ते कढईत टाकायला कुणाचा हात धजत नाही.

इथे दोन प्रश्न उभे राहतात. जी ढेप गाईला पोसते, ती कोंबडीला का बाधते? आणि कोंबडीच्या पोटातून पिवळा बाहेर पडलेला बलक, कवचाच्या आत बंद असताना, नंतर रंग कसा बदलतो? दोन्हींचं उत्तर सरकीतल्या एकाच पिवळ्या द्रव्याकडे जातं. त्याचं नाव गॉसिपॉल.

कापसामागून येणारं खाद्य

कापूस वेचून जिनिंगला नेला, की एका क्विंटलमागे साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. म्हणजे कापसाचं झाड धाग्यापेक्षा बी जास्त देतं. सरकी गाळली की तेल निघतं आणि मागे राहते ती पेंड, म्हणजेच ढेप. टरफलासकट गाळलेल्या ढेपीत २२ ते २४ टक्के प्रथिनं असतात. टरफल काढून गाळलं, तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात जातं.

कोंबडीखाद्यात मका ताकद देतो आणि प्रथिनांचा भार सोयाबीनची पेंड उचलते. त्यामुळे सोयापेंड महागली की पोल्ट्रीवाल्याचं सगळं गणित कोलमडतं. २०२१ साली तिचे भाव इतके चढले, की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. अशा वेळी कापूस पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं लक्ष जवळच्या आणि स्वस्त ढेपीकडे जाणं साहजिक आहे. कोंबडीला कितपत ढेप चालते, हा प्रश्न म्हणूनच थेट खिशाशी जोडलेला आहे.

गरातले काळे ठिपके

सरकीचा एक दाणा ब्लेडने मधोमध कापून पाहावा. आतल्या पिवळसर गरावर मिरीची पूड शिंपडल्यासारखे काळपट ठिपके दिसतात. या ग्रंथी आहेत आणि गॉसिपॉल त्यांतच साठवलेलं असतं. असेच ठिपके कापसाच्या पानांवर, देठांवर आणि बोंडांवरही असतात.

झाड हे द्रव्य स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं. अळीने पान कुरतडलं की ग्रंथी फुटतात आणि तिच्या तोंडी विष पडतं. झाडाला पळता येत नाही. शत्रूच्या पचनात बिघाड करणं, हाच त्याचा बचाव.

१८८६ मध्ये लाँगमोर या रसायनतज्ज्ञाने सरकीच्या तेलाच्या गाळातून हे द्रव्य प्रथम वेगळं केलं. १८९९ मध्ये पोलिश शास्त्रज्ञ लेओन मार्खलेव्स्की याने त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले. कापसाचं शास्त्रीय नाव ‘गॉसिपियम’ आणि द्रव्याची जात ‘फिनॉल’, या दोन शब्दांना जोडून त्याने ‘गॉसिपॉल’ हे नाव ठेवलं. अमेरिकेच्या दक्षिण भागात सरकीची पेंड खाऊन डुकरं मरत होती आणि त्यामागचं कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. १९१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विदर्स आणि कॅरुथ या संशोधकांनी गॉसिपॉलवर बोट ठेवलं.

दोन आकड्यांचा रेणू

गॉसिपॉलचं सगळं वागणं त्याच्या एका गुणावर उभं आहे: ते पकडतं. त्याचा रेणू दोन सारख्या अर्ध्या भागांचा बनलेला असतो आणि प्रत्येक भागाला जणू एकेक आकडा असतो. हा आकडा प्रथिनांत अडकतो. रेणूच्या बाकीच्या काही जागा लोखंडाला धरून ठेवतात.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ असं समजू. मणी म्हणजे अमिनो आम्लं, सुमारे २० प्रकारची. त्यांपैकी लायसिन नावाच्या मण्याला बाहेर डोकावणारी एक कडी असते. गॉसिपॉलचा आकडा नेमका त्या कडीत अडकतो. पोटातलं एक महत्त्वाचं पाचक द्रव्य ही माळ लायसिनजवळच कापतं. तिथे आकडा अडकून बसला, की कात्री चालत नाही आणि माळेचा तो तुकडा न पचता बाहेर जातो.

सरकीत लायसिन मुळातच बेताचं असतं. सोयाच्या १०० ग्रॅम प्रथिनांत सुमारे ६ ग्रॅम लायसिन मिळतं, तर सरकीच्या प्रथिनांत ४ ग्रॅमच्या आसपास. त्यातलंही काही गॉसिपॉल अडवून ठेवतं.

यावरून दोन संज्ञा कळतात. ज्याचे आकडे अजून रिकामे आहेत ते ‘मुक्त गॉसिपॉल’. ज्याने आधीच कुणाला तरी पकडलं आहे ते ‘बद्ध गॉसिपॉल’. शरीरात शिरून त्रास देतं ते प्रामुख्याने मुक्त. त्यामुळे ढेपीत एकूण गॉसिपॉल किती, यापेक्षा मुक्त किती, हे विचारावं लागतं.

तेल काढण्याची पद्धत इथे निर्णायक ठरते. एक्स्पेलरमध्ये सरकी तापते आणि दाबली जाते. ग्रंथी फुटतात, गॉसिपॉल तिथल्या तिथेच प्रथिनांना चिकटतं आणि ढेपीत मुक्त गॉसिपॉल किलोमागे साधारण २०० ते ५०० मिलिग्रॅम उरतं. सरकी न दाबता थेट द्रावकाने तेल काढलं, तर उष्णता कमी मिळते आणि हाच आकडा १,००० ते ५,००० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. पण तापवण्यालाही किंमत आहे. गॉसिपॉल बद्ध होतं ते लायसिनला धरूनच. विष कमी होतं, तसा कसही कमी होतो.

गाय पचवते, कोंबडी नाही

गाईच्या कोठीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव अन्न कुजवत असतात. चारा तिथे बराच वेळ मुरतो. या काळात गॉसिपॉल तिथल्या विरघळलेल्या प्रथिनांना पकडतं आणि त्याचे आकडे भरून जातात. आतड्यात पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं बद्ध झालेलं असतं. लहान वासराचं कोठीपोट अजून तयार झालेलं नसतं, म्हणून त्याला ढेप बाधू शकते. मोठ्या जनावराच्या पचवण्यालाही मर्यादा आहेच.

कोंबडीकडे अशी मुरवण्याची हौदासारखी जागा नाही. दाणा अन्नपिशवीत थोडा थांबतो, पेषणीत भरडला जातो आणि आतड्यात उतरतो. मुक्त गॉसिपॉल मुक्तच राहतं आणि रक्तात शिरतं. डुकराचं आणि माशांचंही असंच होतं. त्यात डुकराची सहनशक्ती कोंबडीपेक्षाही कमी.

कोंबडीच्या अंगात काय घडतं

पहिला परिणाम खाण्यावर दिसतो. खाद्यातलं मुक्त गॉसिपॉल वाढलं, की कोंबडी कमी खाते. मांसाच्या कोंबड्यांचं वजन मागे पडतं आणि एक किलो वजन वाढवायला जास्त खाद्य लागतं. लायसिन अडकल्यामुळे अंगात मांस भरत नाही.

शोषलेलं गॉसिपॉल मुख्यतः यकृतात साठतं. तिथे ते लोखंडाला धरतं. रक्ताचा लाल रंग लोखंडावर अवलंबून असल्यामुळे हिमोग्लोबिन घटतं आणि पक्षी फिकट, मलूल होतो. मात्रा फार वाढली आणि बरेच दिवस चालू राहिली, तर यकृताच्या पेशींना इजा होते आणि मरतूक सुरू होते. हे सगळं हळूहळू साचत जातं. एखाद्या दिवशी ढेप जास्त पडली म्हणून कोंबडी लगेच मरत नाही, आणि म्हणूनच धोका उशिरा लक्षात येतो.

या रेणूत आणखी एक बारकावा आहे. त्याचे दोन्ही अर्धे भाग इतके अवघडलेले असतात, की ते एकमेकांभोवती मोकळेपणी फिरू शकत नाहीत. त्यामुळे डाव्या आणि उजव्या चपलेसारखी गॉसिपॉलची दोन रूपं तयार होतात. घटक तेच, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. शास्त्रज्ञ त्यांना ‘ऋण’ आणि ‘धन’ गॉसिपॉल म्हणतात. कोंबडीच्या वाढीला जास्त मारक आहे ते ऋण रूप. कापसाच्या जातीप्रमाणे दोन्हींचं प्रमाण बदलतं, म्हणून एकूण आकडा सारखा असूनही दोन सरक्यांचा त्रास सारखा नसतो.

बंद कवचात रंग कसा चढतो

आता अंड्याकडे येऊ. लोखंडाच्या कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकली की पाणी काळंभोर होतं. शाई करायला आणि कापड काळं रंगवायला ही युक्ती फार जुनी आहे. आवळ्यातली आणि हिरड्यातली तुरट द्रव्यं फिनॉलच्या कुळातली. त्यांची लोखंडाशी गाठ पडली की गडद रंग तयार होतो. गॉसिपॉलही त्याच कुळातलं आहे.

अंडं तयार होताना कोंबडीच्या रक्तातलं थोडं गॉसिपॉल बलकात उतरतं. बलकात लोखंड भरपूर असतं, कारण पिल्लाला रक्त बनवायला ते लागणार असतं. मग ताज्या अंड्यातच बलक काळपट का होत नाही? कारण तिथे लोखंड मोकळं नसतं. बलकातल्या फॉस्फरसयुक्त प्रथिनांनी ते घट्ट धरून ठेवलेलं असतं.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. अंडं शिळं होऊ लागलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड या छिद्रांतून निघून जातो आणि आतली आम्लता कमी होत जाते. ताज्या बलकाचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा, ६ च्या आसपास असतो. साठवणीत तो वर सरकतो. त्याबरोबर प्रथिनांची लोखंडावरची पकड सैल होते. शेजारीच असलेलं गॉसिपॉल ते लोखंड धरतं आणि बलकावर शेवाळी-तपकिरी रंग चढू लागतो.

१९३४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी साठवलेल्या अंड्यांच्या या रंगाचा दोष गॉसिपॉलला दिला. पुढे एक सोपी तपासणीही वापरात आली. ताज्या बलकाला अमोनियाच्या वाफेत ठेवायचं. अमोनिया सामू झटकन चढवतो, आणि जो रंग यायला एरवी काही आठवडे लागले असते तो लवकरच उमटतो.

> चौकट : उकडलेल्या अंड्याची हिरवी कडी
> अंडं जास्त वेळ उकडलं, की बलकाभोवती राखाडी-हिरवी कडी दिसते. तिचा गॉसिपॉलशी काही संबंध नाही. पांढऱ्यातल्या प्रथिनांतून गंधकयुक्त वायू निघतो, तो बलकातल्या लोखंडाला भेटतो आणि आयर्न सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. अंडं वेळेवर उतरवून गार पाण्यात टाकलं, तर कडी येत नाही. गॉसिपॉलचा रंग मात्र कच्च्या अंड्यातही दिसतो आणि कडीपुरता न राहता बलकभर पसरतो किंवा त्याचे डाग पडतात.

गुलाबी पांढऱ्याचा आरोपी वेगळा

पांढरं गुलाबी होतं तेव्हा मात्र दोष गॉसिपॉलचा नसतो. सरकीच्या तेलात सायक्लोप्रोपिनॉइड गटाची दोन मेदाम्लं असतात: मॅल्व्हॅलिक आणि स्टर्क्युलिक. ढेपीत तेल उरलेलं असलं, की तीही कोंबडीच्या पोटात जातात.

शरीरात घट्ट चरबीला पातळ करणारं एक विकर असतं. ही मेदाम्लं त्याला अडवतात. मग बलकातली चरबी घट्टसर होते, बलक कधी रबरासारखा लागतो आणि त्याच्याभोवतीचा पातळ पडदा गळू लागतो. या पडद्यातून लोखंड पांढऱ्यात झिरपतं. पांढऱ्यात कोनॅल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते लोखंडाला धरून बसतं आणि गुलाबी होतं.

यातून एक पेच निर्माण होतो. एक्स्पेलरच्या ढेपीत मुक्त गॉसिपॉल कमी, पण तेल जास्त, म्हणून गुलाबी पांढऱ्याची भीती. थेट द्रावकाने काढलेल्या ढेपीत तेल जवळजवळ नसतं, पण मुक्त गॉसिपॉल जास्त, म्हणून शेवाळी बलकाची भीती. आधी दाबून मग द्रावकाने उरलेलं तेल काढलेली ढेप दोन्ही बाजूंनी त्यातल्या त्यात सुरक्षित ठरते.

उतारा हिराकशीचा

बलक खराब करणारं लोखंडच कोंबडीला वाचवतं. फरक फक्त जागेचा आहे. खाद्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळली तर तिच्यातलं लोखंड मुक्त गॉसिपॉलला आतड्यातच गाठतं. दोघांची जी गाठ बसते ती आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही, विष्ठेवाटे बाहेर पडते. जी क्रिया बलकात घडली तर अंडं वाया जातं, तीच आतड्यात घडली तर अंडं वाचतं.

आकडे असे आहेत. अंड्यांच्या कोंबड्यांच्या खाद्यात किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत मुक्त गॉसिपॉल हिराकशीशिवाय चालतं, असा पोल्ट्रीशास्त्रातला प्रचलित ठोकताळा आहे. हिराकस घातली तर १५० मिलिग्रॅमपर्यंत जाता येतं. त्यासाठी गॉसिपॉलच्या चौपट लोखंड लागतं. मांसाच्या कोंबड्यांना बाजारात जायचं असतं, अंडी द्यायची नसतात. त्यांना हिराकशीशिवाय १०० आणि हिराकशीसह ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. युरोपीय संघाचे नियम याहून कडक आहेत. तिथे अंड्यांच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात किलोमागे २० मिलिग्रॅम आणि इतर कोंबड्यांच्या खाद्यात १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

एक हिशेब करून पाहू. ढेपीत किलोमागे ५०० मिलिग्रॅम मुक्त गॉसिपॉल आहे आणि ती खाद्यात १० टक्के मिसळली, तर खाद्यात ५० मिलिग्रॅम येतं. हा अंड्यांच्या कोंबडीसाठी अगदी काठ झाला. ढेपीत २,००० मिलिग्रॅम असेल, तर त्याच १० टक्क्यांनी २०० मिलिग्रॅम येतं आणि हिराकस घालूनही मर्यादा ओलांडली जाते. दोन्ही ढेपी डोळ्यांना सारख्याच दिसतात, म्हणून पोतं प्रयोगशाळेत तपासूनच वापरावं लागतं.

हिराकशीत लोखंड साधारण २० टक्के असतं. १५० मिलिग्रॅम गॉसिपॉलसाठी ६०० मिलिग्रॅम लोखंड, म्हणजे किलोमागे ३ ग्रॅम हिराकस, टनामागे ३ किलो. याहून जास्त घालण्यात फायदा नाही. जादा लोखंड खाद्यातल्या फॉस्फरसला अडकवतं आणि हाडं व कवच यांना तो कमी पडतो. लायसिनची तूट वेगळं लायसिन घालून भरावी लागते. हे प्रमाण पशुवैद्यकाला किंवा पशुआहारतज्ज्ञाला विचारून ठरवावं. टरफलासकट गाळलेल्या ढेपीत तंतूही फार असतात आणि ते कोंबडीला पचत नाहीत.

> चौकट : थोडक्यात
> • ढेपीतल्या एकूण गॉसिपॉलपेक्षा मुक्त गॉसिपॉल किती, ते महत्त्वाचं.
> • शेवाळी बलक गॉसिपॉलमुळे, गुलाबी पांढरं सरकीच्या तेलातल्या मेदाम्लांमुळे.
> • अंड्यांच्या कोंबड्यांना सांभाळून, मांसाच्या कोंबड्यांना थोडी सूट.
> • हिराकस आणि लायसिन मोजूनच घालावं.
> • बुरशी लागलेली ढेप कोणत्याही जनावराला नको. तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे वेगळं विष असू शकतं.

माणसाचा अनुभव

चीनच्या जिआंग्सू प्रांतातल्या एका गावात एकेकाळी मुलं जन्मणं जवळपास थांबलं. शोध घेतल्यावर कारण स्वयंपाकाच्या तेलात सापडलं. गावकरी सरकीचं कच्चं, न शुद्ध केलेलं तेल वापरत होते. गॉसिपॉल पुरुषांच्या शुक्रजंतूंची वाढ रोखतं. यातूनच १९७० च्या दशकात चीनमध्ये पुरुषांसाठी गॉसिपॉलच्या गोळीच्या चाचण्या झाल्या आणि ८,००० हून अधिक पुरुषांनी त्यांत भाग घेतला. गोळी लागू पडली, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घातक पातळीपर्यंत उतरलं आणि काहींची प्रजननक्षमता गोळी थांबवूनही परतली नाही. तो मार्ग शेवटी सोडून द्यावा लागला.

आपल्याकडे फरसाण तळायला वापरलं जाणारं सरकीचं तेल शुद्ध केलेलं असतं. शुद्धीकरणात तेलाला अल्कलीची प्रक्रिया देतात. त्यात गॉसिपॉल निघून जातं आणि तेलाचा काळपट-लाल रंगही उतरतो.

बिनठिपक्यांची सरकी

मग गॉसिपॉल नसलेला कापूसच का लावू नये? हा विचार जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातले स्कॉट मॅकमायकेल यांना होपी आदिवासींच्या कापसात ग्रंथी नसलेली बोंडं आढळली. त्यातून सबंध झाडावर एकही ठिपका नसलेला कापूस तयार झाला. सरकी निर्विष झाली, पण झाडाची ढालही गेली. एरवी कापसाला न शिवणारे किडेसुद्धा या कापसावर तुटून पडले, उंदरांनाही तो आवडला, आणि शेतकऱ्यांनी पाठ फिरवली.

निसर्गाने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या काही रानटी कापसांच्या, उदाहरणार्थ नॉर्दर्न टेरिटरीचं अधिकृत फूल असलेल्या स्टर्ट्स डेझर्ट रोझच्या, बियांत गॉसिपॉल जवळजवळ नसतं. बी रुजल्यावर मात्र कोवळ्या रोपात ग्रंथी तयार होतात.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी हेच लागवडीच्या कापसात घडवलं. गॉसिपॉल बनवण्याच्या साखळीतलं एक जनुक त्यांच्या चमूने फक्त बियांत मुकं केलं. २००६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने लागवडीला आणि २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने माणसांच्या व जनावरांच्या आहारात वापरायला परवानगी दिली. या कापसाच्या पानांवर आणि बोंडांवर काळे ठिपके नेहमीसारखेच आहेत, त्यामुळे अळीपासूनचं संरक्षण टिकतं. दाणा कापला, की गरात ग्रंथी दिसतात, पण त्यांचे ठिपके फिके असतात. त्यांतलं गॉसिपॉल सुमारे ९७ टक्क्यांनी घटलेलं असतं, आणि अशी सरकी कोंबडीपुढे, अगदी माणसाच्या ताटातही, ठेवता येते.